उभी वाघीण

ध्यानासाठी आधी गाडी निवडू. प्रवासी गाडी नको. तिच्या खिडकीत कोणीतरी बसलेलं असतं आणि मन त्याच्याच मागे लागतं. धावती मालगाडीही नको, कारण डबे मोजायचा मोह आवरत नाही. मालधक्क्याजवळच्या बाजूच्या रुळावर, इंजिन सोडून गेलेली एकच वाघीण, म्हणजे मालाचा डबा, घ्या. तुम्ही घरी बसूनच तिच्याकडे बघणार आहात, तेव्हा रुळांत उतरायची गरज नाही. प्रत्यक्षातही उतरू नये.

जागा धुळ्याची घेऊ. चाळीसगावहून धुळ्याला येणारी शाखा १९०० साली सुरू झाली. लांबी साधारण छप्पन किलोमीटर. भोरस, जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर, मोहाडी. नावं एकेक करून, घाई न करता मनात म्हणा. मोहाडीच्या नावापुढे लळिंगचं नाव जोडलेलं असतं, तिथे किल्ल्याचा डोंगर दिसू द्या. मग धुळं येतं आणि स्थानकातला रूळ तिथेच संपतो. मनमाड-इंदूर मार्गाला २०२४ साली केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे, बोरविहीरहून नरडाण्याकडेही नवा मार्ग आखलेला आहे. ते होईल तेव्हा होईल. आजची आपली वाघीण शेवटच्या ठिकाणी उभी आहे.

तिच्याकडे बघा. उन्हानं तापलेलं लोखंड, गंजाच्या उतरत्या रेघा, दाराच्या फटीत अडकलेले धान्याचे दाणे किंवा खताची भुकटी. तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात बरंच काही लिहिलेलं आहे. सहसा ते कोणी वाचत नाही. आज वाचू.

अकरा आकडी क्रमांक आहे. पहिले दोन आकडे तिची जात सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची ते, त्यापुढचे दोन ती कोणत्या वर्षी बांधली ते. मग चार आकडे तिचे एकटीचे. अकरावा आकडा फक्त आधीचे दहा बरोबर उतरवले आहेत ना, हे तपासण्यासाठी.

खाली दोन वजनं आहेत. बीसीएनएचएल जातीची बंद वाघीण असेल तर एक आकडा २०.८ टन, दुसरा सत्तरच्या थोडा वर. दुसरा आकडा भरायच्या मालाचा, सगळ्यांच्या कामाचा: व्यापाऱ्याच्या, मालबाबूच्या, भाडं आकारणाऱ्या कार्यालयाच्या. पहिला तिचा स्वतःचा, रिकामेपणीचा. माल असो नसो, ती तो ओढतच असते. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला पोचली तरी परतीच्या वाटेवर हे वीस टन असतातच, आणि त्या फेरीची बातमी होत नाही.

इथे थोडा वेळ काढा. आपल्याबद्दल विचारलं, तर आपण सांगतो ते दुसऱ्या आकड्याचं असतं: काय पेललं, किती जणांचं केलं. आज काहीच लादलेलं नाही असं समजा. नोकरी नाही, घरचं कोणी वाट बघत नाही, फोन बंद. तरी काहीतरी वजन उरतं. ते किती आहे? आकडा काढायचा नाही, नुसतं ते जाणवतं का ते बघायचं. नाही जाणवलं तर पुढे जाऊ.

आता चाकाखाली बघा. तिथे लाकडी ओंडक्याची पाचर लावलेली असते. तिला साखळी घालून कुलूप ठोकलेलं असतं. हँडब्रेकचं चाक फिरवून आवळलेलं असतं. उभ्या वाघिणीला एवढा बंदोबस्त कशाला, असं वाटेल. तिला ना इंजिन, ना कुठे जायची इच्छा.

कारण हवेत आहे. मालगाडीचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकच नळी, आणि तिच्यात पाच किलोचा दाब. दाब भरलेला असेल तर ब्रेक सुटलेले, दाब उतरला की ब्रेक लागले. नळी तुटली तर गाडी आपोआप थांबावी म्हणून ही उलटी रचना केली आहे. पण ब्रेक दाबून धरणारी हवा प्रत्येक डब्याखालच्या टाकीतून येते. इंजिन निघून गेलं की ती टाकी पुन्हा भरणारं कोणी नसतं. सांध्यांतून, जुन्या रबरातून हवा थोडी थोडी गळत राहते. काही तासांनी ब्रेक आपसूक ढिला होतो, आणि डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या उतारावर ती वाघीण हलते.

कॅनडात लाक-मेगांतिक गावी ६ जुलै २०१३ रोजी हेच घडलं. एका छोट्या मार्गावरच्या कंपनीची बहात्तर टाक्यांची तेलगाडी रात्री गावाच्या वरच्या चढावर उभी केली होती. एका इंजिनाला आग लागली. ती विझवताना इंजिन बंद केलं गेलं, आणि हवा गळू लागली. हँडब्रेक फक्त सात वाहनांचे आवळले होते. चौकशीत निघालं की किमान सतरा तरी हवे होते. गाडी कोणाविना उतारावरून सुटली, गावात रुळांवरून घसरली आणि पेटली. सत्तेचाळीस माणसं गेली. उभं करण्यातलं काम अर्धं राहिलं होतं.

म्हणून श्वासाकडे लक्ष देताना आज उलट करून बघा. ध्यानाला बसलं की आपण सांगतो, सोडा, ढिलं सोडा. वाघिणीच्या बाबतीत सुटणं म्हणजे घसरणं. तुम्ही आत्ता बसला आहात, तर तुम्हाला कोण धरून आहे? पाठीचा कणा, मांडी, जमीन. शिवाय घरात कोणीतरी गॅस बंद केला आहे, दार लावलं आहे, मुलाला शाळेतून आणायची जबाबदारी तासभर उचलली आहे. त्यातल्या एकेकाकडे बघा. पाचर कोणी लावली, ते बघा.

आपल्याकडे उभं राहण्याला दंड आहे. ठरलेल्या वेळेत वाघीण रिकामी झाली नाही की डेमरेज, धक्क्यावर माल पडून राहिला की व्हार्फेज. म्हणून मालधक्क्यावर रेक लागली की माथाडी रात्रीसुद्धा पोती उतरवतात आणि ट्रकवाल्यांची झुंबड उडते. अमेरिकेत याच्या नेमकं उलटं: तिथल्या सहाशेच्या आसपास छोट्या रेल्वे कंपन्यांपैकी कित्येक आपल्या ओस रुळांवर दुसऱ्यांच्या वाघिणी दिवसाच्या भाड्यानं सांभाळतात. २००९ च्या मंदीत तर गवतातून मैलोन्‌मैल डबे उभे होते. धंदा बसला की यांचा धंदा उठतो. मला ही सोय थोडी विचित्र वाटते, पण तिच्यात एक मान्यता आहे: थांबलेल्या वस्तूला जागा लागते, आणि राखणही.

आपल्या खानदेशातही अशी छोटी रेल्वे होती, पाचोरा-जामनेरची. सगळे तिला पीजे म्हणत. अडीच फुटी रूळ, हीही छप्पन किलोमीटरच, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जाणारी. २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तिच्याबद्दल हळहळ पुष्कळ झाली आहे. इथे तिचं फक्त नाव घेऊ.

आता वाघीण भुसावळला न्या. तिथे गाडी यार्डात शिरताना दोन्ही बाजूंना कर्मचारी उभे असतात, बघायला आणि ऐकायला. एखादं चाक ठक ठक वाजलं की समजायचं, ते एका जागी चपटं झालंय. कुठे स्प्रिंग तुटलेली, कुठे बेअरिंग तापलेलं. अशा वाघिणीवर ‘सिक’ची खूण होते आणि ती रांगेतून काढून सिक लाइनला जाते. तिथे तिचं धड वर उचलतात आणि खालची चाकांची बोगी सरकवून बाहेर काढतात. तिच्या पोटाखालचा भाग एरवी कोणाला दिसत नाही, तो आता उघडा पडतो. कोणी तिला बोल लावत नाही.

चाकाशी थोडं रेंगाळा. नवं चाक १००० मिलिमीटर व्यासाचं असतं, ९०६ वर आलं की बाद. चाकाचं सगळं आयुष्य मधल्या चौऱ्याण्णव मिलिमीटरांचं. गंमत अशी की ते सगळे काही धावण्यात झिजत नाहीत. चपटं झालेलं चाक पुन्हा गोल करायचं तर लेथवर चढवून चांगलं पोलादही कापावं लागतं, सगळीकडून, सर्वांत खोल डागाएवढं. दुरुस्तीही खर्चच करते. तुमच्या आयुष्यात एखादं भांडण मिटवताना, एखादा आजार बरा करताना काय काय चांगलं कापलं गेलं, ते आठवून बघा. त्याचा हिशेब कोणाकडे मागायचा नाही.

आणि बिघडायची वाटही बघायची नसते. तिच्या अंगावर परतीची तारीख लिहिलेली असते. बीसीएन वाघिणीची दर चोवीस महिन्यांनी देखभाल, पहिली मोठी दुरुस्ती सहा वर्षांनी, पुढच्याही ठरलेल्या वेळी. धडधाकट असली तरी त्या दिवशी यायचं.

शेवटी ‘फिट’ची नोंद होते आणि वाघीण पुन्हा रांगेत लागते. इंजिन जोडतात, हवा भरायला लागते. पुढे पाच किलो झाले तरी मागच्या ब्रेकव्हॅनच्या काट्यावर ४.८ दिसेपर्यंत थांबावं लागतं, लांब गाडीत हवेला शेवटापर्यंत जायला वेळ लागतो. तुम्हीही उठायची घाई करू नका, आधी पायांची बोटं हलवा.

तेवढ्यात कोणीतरी रांगेच्या कडेनं चालत जाऊन पाचरी काढतो, साखळ्या सोडतो, एकेक हँडब्रेक उलटा फिरवतो. एखादा आवळलेलाच राहिला, तर इंजिनाला ते कळतही नाही. अडलेलं चाक न फिरता रुळावर घासत जातं, एका जागी चपटं होतं, आणि ती वाघीण ठक ठक करत परत सिक लाइनला येते.