ओरखडा भरणारं विष

शिरोलीत माझा पावडर कोटिंगचा कारखाना आहे आणि घरी आजीपासून चालत आलेला जैन आचार. दोघांचं भांडण व्हायचं ते क्रोमेटच्या टाकीवरून.

ॲल्युमिनियम खरं तर स्वतःला जपतं. हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइड चढतो. पण खाऱ्या हवेतलं क्लोराइड तो फोडतं, पत्र्याला बारीक खड्डे पडतात. म्हणून रंगाआधी हेक्साव्हॅलंट क्रोमचा पिवळसर थर द्यायची रीत. थर मोठा गुणी! ओरखडा पडला की त्यातलं क्रोमेट ओलाव्यात विरघळून तिथं पोचतं आणि जखम बुजवतं. विरघळण्याचा हाच गुण त्याला विहिरीपर्यंत नेतो, आणि ते कर्करोगकारक आहे. तारणारं आणि मारणारं इथं वेगळं काढताच येत नाही.

जैन शास्त्र श्रावकाला, म्हणजे गृहस्थाला, उद्योगी हिंसेची, पोटापाण्याच्या धंद्यात होणाऱ्या हिंसेची सवलत देतं. पण वर्ज्य धंद्यांत विषवाणिज्यही मोजतं. काका म्हणायचे, "तू थर विकतोस, सांडपाणी नव्हे." हिशेब वहीत बसतो, पण पाणी हेच ज्यांचं शरीर त्या जलकायिक जीवांना तो कोण सांगणार?

आता क्रोमेटच्या जागी झिर्कोनियमची टाकी आहे. थर जवळजवळ रंगहीन, त्यामुळे जुनी गिऱ्हाइकं "लावलंय ना नक्की?" म्हणत नखानं खरवडतात. त्यातही फ्लोराइड असतंच, सांडपाण्याची प्रक्रिया चुकत नाही. हिंसा संपली असं दशलक्षण पर्वातही मी म्हणणार नाही. मग थरच देऊ नये? ॲल्युमिनियमची चौकट लवकर सडली तर नवी लागणार, तिच्यासाठी पुन्हा बॉक्साइट खणायचं, आणि तशा खाणी आमच्याच जिल्ह्यात, शाहूवाडी-राधानगरीकडे आहेत.