धुक्यांतील वाहन आणि आपली घाई

थंडीच्या दिवसांत पहाटे ग्वाल्हेरहून आग्र्याकडे निघणाऱ्यास धुक्याची ओळख करून द्यावयास नको. दृश्यता 200 मीटरांखाली आली म्हणजे हवामान खाते त्यास दाट धुके म्हणते, आणि 50 मीटरांखाली आली म्हणजे अति दाट. अशा वेळी वाहन सावकाश हाकावे हे सर्वांसच ठाऊक असते. मग ते हाकले का जात नाही, हा खरा प्रश्न होय.

गेल्या माघांत आम्ही तीर्थरूपांसमवेत एका मुंजीकरितां भाड्याच्या मोटारीने आग्र्यास निघालो होतो. निघावयास उशीर झाला होता आणि मुहूर्त जवळ आला होता. चालक ताशी 40 किलोमीटरांवर वेग वाढवीना. आम्ही त्यास दोन वेळां टोकले. त्याने ऐकले नाही. इतक्यांत मागे दिवा नसलेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली धुक्यांतून एकाएकी पुढे आली. मोटार तिच्यापासून चार हातांवर थांबली. ट्रॉलीवर दोन मुले पोत्यांवर निजली होती.

ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदांत 22 मीटर जाते. अडथळा दिसून ब्रेक दाबीपर्यंत दीड सेकंद गेला तर 33 मीटर संपतात, आणि कोरड्या सडकेवरही थांबण्यास आणखी सुमारे 35 मीटर लागतात. ताशी 40 किलोमीटरांवर हेच अंतर सर्व मिळून सुमारे 26 मीटर भरते. आमचे ऐकले गेले असते तर काय झाले असते, हे सांगावयास ज्योतिषी नको.

"जे व्हावयाचे ते होणारच," असे कित्येक म्हणतात. परंतु हे प्रारब्ध आपण कोणाच्या वतीने स्वीकारतो? ट्रॉलीवरील मुलांस आपण विचारलेले नसते. स्वतःचे दैव सोसणे हे धैर्य होय. दुसऱ्याचे दैव आपल्या घाईने लिहिणे हा निव्वळ अन्याय होय.

कायदाही येथे पुरा पडत नाही. यमुना द्रुतगती मार्गावर थंडीत मोटारींची वेगमर्यादा ताशी 100 वरून 75 किलोमीटरांवर आणतात. पण अति दाट धुक्यांत 75 हाही वेग घातकच. जेवढे दिसते तेवढ्यांत थांबता आले पाहिजे, हा नियम ज्याने त्याने स्वतःच पाळावयाचा असतो. प्रखर झोताने धुके अधिकच पांढरे दिसते, म्हणून दिव्यांचा झोत खाली ठेवावा. थांबणे भाग पडल्यास वाहन सडकेवरून पूर्ण बाजूस घ्यावे.

आणि दोष एकट्या चालकाचा मानूं नये. मागे बसून "जरा लवकर" म्हणणाऱ्याचाही त्यांत वाटा असतो. तो वाटा त्या दिवशी आमचा होता.

आम्ही पोहोचलो तेव्हां मुहूर्त टळला होता. यजमान खिन्न झाले. तीर्थरूप इतकेच म्हणाले, "मुहूर्त पुन्हा काढतां येतो." त्यांनी पंचांग उघडले, आणि आम्ही चालकास चहा देण्याकरितां बाहेर गेलो.