नाथान कुठे गेला?

जुन्या करारात दावीद राजाची एक गोष्ट आहे. आपल्याच सैन्यातल्या उरीया नावाच्या शिपायाची बायको राजाने भोगली आणि ते पाप झाकण्यासाठी उरीयाला लढाईच्या ऐन तोंडी उभे करून मारवले. राजाला जाब विचारणार कोण? मग नाथान नावाचा संदेष्टा आला. त्याने एक कथा सांगितली: कळपच्या कळप असलेल्या एका श्रीमंताने पाहुण्याच्या जेवणासाठी शेजारच्या गरिबाची, लेकीसारखी वाढवलेली एकुलती मेंढी नेऊन कापली. राजा संतापला. असल्या माणसाला जगायचा अधिकार नाही, म्हणाला. तेव्हा नाथानाने शांतपणे सांगितले की तो श्रीमंत म्हणजे खुद्द महाराजच.

दाविदाचे पाप नवे नाही. राजे असेच वागत आले. नवल आहे ते नाथानाचे. राजवाड्याचे दार त्याला उघडे होते आणि तरीही त्याची जीभ त्याच्याच ताब्यात होती. या दोन गोष्टी एकत्र नांदणे किती अवघड, हे अमेरिकेतील इव्हँजेलिकल ख्रिस्ती समाजाच्या अलीकडच्या इतिहासावरून कळते.

इव्हँजेलिकल म्हणजे बायबलला अंतिम प्रमाण मानणारे आणि प्रत्येकाने स्वतःच्या अंतःकरणाने ख्रिस्ताला शरण जावे असा आग्रह धरणारे प्रॉटेस्टंट. त्यांची अमेरिकेतील सर्वांत मोठी संघटना म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन. या बॅप्टिस्टांचे पूर्वज सत्तेपासून दूर राहण्यासाठी झगडले होते. अठराव्या शतकात व्हर्जिनियात परवान्यावाचून उपदेश केला म्हणून त्यांच्या उपदेशकांना तुरुंगात घातले गेले. धर्म आणि राज्य यांच्यामधील भिंतीची जेफरसनची प्रसिद्ध उपमा १८०२ सालच्या पत्रातली; ते पत्र त्याने डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनाच लिहिले होते. पण सदर्न बॅप्टिस्टांची वेगळी चूल मांडली गेली ती १८४५ साली, गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी होता यावे की नाही या वादातून. त्याबद्दल जाहीर क्षमा मागायला १९९५ साल उजाडले. म्हणजे छळ सोसल्याची आठवण आणि बलवंताची पाठराखण, दोन्ही एकाच घराण्यात आहेत.

१९९८ साली, क्लिंटन यांचे प्रकरण गाजत असताना, याच कन्व्हेन्शनने ठराव केला की सार्वजनिक पदावरील माणसाचे खाजगी चारित्र्य महत्त्वाचे असते. पुढाऱ्यांची गंभीर पापे खपवून घेतली की समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते. पुढे एका संस्थेने लोकांना विचारले: खाजगी जीवनात अनीतीने वागणारा पुढारी सार्वजनिक कर्तव्य नीतीने पार पाडू शकेल का? २०११ साली गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के 'हो' म्हणाले. २०१६ साली, ट्रम्प उमेदवार असताना, ७२ टक्के 'हो' म्हणाले. बायबल तेच होते. उमेदवार बदलला होता.

त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, आम्ही पाळक निवडत नव्हतो, राष्ट्राध्यक्ष निवडत होतो. गर्भपातासारख्या प्रश्नावर न्यायाधीश कोण नेमणार, हे आम्हाला मोलाचे वाटले. परमेश्वराने परधर्मी कोरेश राजाकडूनही काम करून घेतले होते. हा युक्तिवाद पोकळ नाही. मत देणे म्हणजे पुष्कळदा दोन वाइटांतून एक निवडणे असते. परंतु मत देणे वेगळे आणि मौन धरणे वेगळे. मत देऊनही माणसाला दुसऱ्या दिवशी म्हणता येते, 'महाराज, हे चुकले.' ते म्हणणे बंद झाले की समजावे, नाथान दरबारी झाला.

आता घराच्या आत पाहू. २०१९ साली टेक्सासमधील दोन वृत्तपत्रांनी शोध घेऊन छापले की वीस वर्षांत सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांतील सुमारे ३८० पाळक, सेवक व स्वयंसेवकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले आणि पीडितांची संख्या सातशेहून अधिक होती. अशा माणसांची एक सामायिक यादी ठेवावी, ही मागणी २००८ साली फेटाळली गेली होती. कारण दिले ते तत्त्वाचे: आमची प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, केंद्राला अधिकार नाही. २०२२ च्या मे महिन्यात स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला तेव्हा कळले की कार्यकारी समितीच्या कार्यालयात तशी यादी वर्षानुवर्षे गुपचूप ठेवली जात होती. तिच्यात सातशेच्या वर नावे होती. ती मंडळ्यांना कळवली नव्हती.

राजकारणाने चर्च बिघडवले, असे काही जण म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. ही लपवाछपवी २०१६ च्या फार आधीची. दोन्हीकडे सबब मात्र एकच होती: 'देवाच्या कार्याला बाधा येऊ नये.' पुढाऱ्याविषयी बोललो तर कार्याचे नुकसान. पाळकाविषयी बोललो तर कार्याची बदनामी. हे वाक्य ऐकायला भक्तीचे आहे, पण त्याची किंमत नेहमी त्या गरिबाच्या मेंढीने मोजली आहे. ज्याला घरात हिशेब द्यायची सवय नाही, तो बाहेर कोणाला हिशेब मागणार?

श्रद्धावंताने प्रश्न विचारू नयेत, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या पंडिता रमाबाईंना आठवावे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि तेथील भगिनींनी व बिशपांनी त्यांनी काय मानावे, काय शिकवावे हे ठरवू पाहिले तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. इथल्या भिक्षुकशाहीचे जोखड टाकून आलेल्या बाईने दुसरे जोखड मानेवर घेतले नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हे सारे वाचायला मिळते. ख्रिस्तावरची त्यांची निष्ठा त्यामुळे उणावली नाही. पुढे मुक्ती मिशन उभे राहिले ते त्याच निष्ठेवर.

मग अमेरिकेतला नाथान कुठे गेला? तो मेला नव्हता. दाराबाहेर उभा होता. अत्याचार सोसलेल्या स्त्रिया वर्षानुवर्षे पत्रे लिहीत होत्या आणि त्यांना कार्याच्या शत्रू ठरवले जात होते. अखेर २०२१ च्या जूनमध्ये नॅशव्हिलच्या अधिवेशनात मंडळ्यांच्या साध्या प्रतिनिधींनी हात वर करून स्वतंत्र चौकशीची मागणी मंजूर केली. समितीने आढेवेढे घेतले, राजीनामे झाले, पण चौकशी झाली. पुढे मंजूर झालेली जाहीर यादी मात्र रेंगाळली. म्हणजे एकदा बोलून भागत नाही. नाथानाला पुन्हा पुन्हा यावे लागते.

दावीद मोठा ठरला तो निष्पाप होता म्हणून नव्हे. नाथानाला त्याने हाकलून दिले नाही, 'मी पाप केले' असे म्हटले, म्हणून. चर्च असो, देवस्थान असो, नाहीतर आपली एखादी छोटी संस्था. तिची भक्ती किती खरी हे घंटेच्या आवाजावरून ठरत नाही. हिशेब मागायला आलेल्या माणसाला ती बसायला पाट देते की दार लावते, यावरून ठरते.