पाठीमागचा समुद्र

मलकापूर सोडून आंबा घाट उतरला की रत्नागिरीचा समुद्र शंभर किलोमीटरच्या आत येतो. गळ्यात कॅमेरा अडकवून गणपतीपुळ्याकडे निघालेल्या समुद्रवेड्यांची ही नेहमीची वाट. मलकापूरचं पाणी मात्र या वाटेनं जात नाही. सह्याद्रीच्या धारेवर पावसाची वाटणी होते. घाटाखाली पडलेला थेंब काजळी नदीनं भाट्याला, अरबी समुद्रात जातो. घाटावरचा थेंब शाळी-कडवी नद्यांतून वारणेत, हरिपूरला कृष्णेत आणि शेवटी आंध्रातल्या हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपण दर्शन घेतो तो समुद्र एक, आणि आपलं सांडपाणी पदरात घेतो तो दुसराच. मग दर्शनानं ऋण फिटतं का? माझ्या मते फिटत नाही. उलट ज्याचं दर्शन कधी होणार नाही, त्याचंच देणं आधी लागतं.

देवळातल्या दर्शनाचंच पाहा: गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवापुढे वाकूनच आपण देवाकडे जातो. या कूर्माचं जिवंत रूप कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर दिसतं. ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू रात्री वाळूतून वर येतं आणि उजेडाकडे सरकू लागतं, कारण मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राकडची बाजूच जास्त उजळ असते. पाठीमागून टॉर्च किंवा फ्लॅश चमकला, तर ते उलट फिरतं. इथे पाहण्याची हौसच पिल्लाच्या जिवावर उठते. यावर कोणी म्हणेल, छायाचित्रांमुळेच लोकांना कासवांचा लळा लागला. ते खरं आहे, पण अर्धंच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं आणि भाऊ काटदरे यांनी २००२मध्ये वेळासला काम सुरू केलं, तेव्हा आधी अंड्यांची चोरी थांबवावी लागली, घरटी हलवून कुंपणात जपावी लागली, गावाला सोबत घ्यावं लागलं. पर्यटकांची गर्दी झाली ती नंतर. सेवा आधी झाली म्हणून पुढच्यांना दर्शन घडलं.

दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे. एवढंसं मलकापूर गाव, कृष्णेची लांबी सुमारे १४०० किलोमीटर, वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागरसारखी धरणं. इथली पिशवी तिथवर पोचणार कशी? बहुतेक पिशव्या पोचणारही नाहीत. पण धरणात अडकलेला कचरा नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्या कुणाच्या पाण्यात थांबतो. आणि पाण्यात विरघळलेलं खत, साबण किंवा औषध भिंतीनं अडत नाही. शिवाय कर्तव्य परिणामाच्या तागडीत तोलायचं ठरवलं, तर एकादशीचा उपासही कुणी धरणार नाही. एकट्याच्या उपासानं जगाची भूक हटत नाही, म्हणून तो व्यर्थ ठरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे: नदीत निर्माल्य आणि मूर्ती सोडायला धर्मानंच शिकवलं, आता तो कसली शुद्धता सांगणार? पण विसर्जनामागचा अर्थ साधा आहे. मातीची वस्तू मातीत परत द्यायची. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, प्लास्टर ऑफ पॅरिसची तशी विरघळत नाही, मग त्या सोडण्याला विसर्जन म्हणायचं कसं? कृत्रिम कुंडात मूर्ती सोडणारा किंवा ती दान करणारा रूढी मोडत असेल, विधीचा अर्थ मात्र तोच सांभाळतो. आणि परतफेडीचा हा नियम मूर्तीला लागू असेल, तर वेफर्सच्या पाकिटाला आणि मोरीच्या पाण्यालाही लागू आहे.

कृष्णेच्या मुखाजवळच्या वाळूतही ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. वेळासच्या कासवासाठी हळहळणाऱ्या मलकापूरकराच्या वाट्याला खरं तर ती कासवं आली आहेत. त्यांचा फोटो त्याच्याकडे नाही, कदाचित कधी नसेलही. त्यांच्यासाठी करायचं ते शाळीच्या काठावर, घाट उतरण्याआधीच करावं लागेल.