वजाबाकीचे शहर

ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात रोटंडा नावाची एक प्रचंड गोल इमारत आहे. रोमन सम्राट गॅलेरियसच्या काळात, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ती उभी राहिली. पुढे तिचे चर्च झाले, १५९१ मध्ये मशीद झाली, १९१२ नंतर पुन्हा चर्च आणि मग संग्रहालय. आत घुमटाखाली सोनेरी पार्श्वभूमीवर ख्रिस्ती संतांची मोझेइक चित्रे, बाहेर दगडी मिनार. वाटाड्या हे सगळे एका दमात सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, केवढे समंजस शहर! प्रत्येकाने आधीच्यावर आपला थर चढवला, कोणी कोणाला पुसले नाही.

समज गोड आहे, पण टिकणारा नाही. पूर्ण उंचीचा तो मिनार शहरात एकटाच आहे, कारण बाकीचे १९२०च्या दशकात पाडून टाकण्यात आले. नदीचा गाळ आपोआप साचतो. थेसालोनिकीत आपोआप फारसे काही साचलेले नाही. काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे कोणीतरी ठरवले. त्या निर्णयांच्या तारखा, करार, नकाशे उपलब्ध आहेत. आज पर्यटक ज्याला संमिश्र वारसा म्हणून दाद देतो, तो बहुतेक ठिकाणी ते मिश्रण जगणारी माणसे निघून गेल्यावर, किंवा घालवून दिल्यावर, उरलेला ऐवज आहे.

१९१२ मध्ये ग्रीक सैन्याने हे शहर ऑटोमन साम्राज्याकडून घेतले. पुढच्याच वर्षी झालेल्या शिरगणतीत सुमारे १ लाख ५८ हजार लोकसंख्येत ज्यू ६१ हजार, मुसलमान ४६ हजार आणि ग्रीक ४० हजारांच्या आसपास होते. म्हणजे जिंकणारे तिसऱ्या क्रमांकावर. ज्यूंचे इथले वास्तव्य फार जुने. प्रेषित पौल इथल्या सभास्थानात बोलला होता आणि त्याने इथल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेली पत्रे मराठी बायबलात ‘थेस्सलनीकाकरांस’ म्हणून आहेत. पण १९१३ मध्ये मोजले गेलेले ज्यू बहुतांशी वेगळे होते. १४९२ मध्ये स्पेनने हाकलल्यावर ऑटोमन आश्रयाला आलेल्यांचे ते वंशज, चार शतकांनंतरही घरात जुनी स्पॅनिश बोलणारे. तिला लादिनो म्हणतात. बंदरातले हमाल, कोळी, विणकर, सावकार सगळ्यांत ते होते आणि शनिवारी, त्यांच्या शब्बाथच्या दिवशी, बंदराचे काम थंडावत असे.

यानंतरच्या तीस वर्षांत जे घडले ते एका सूत्रधाराचे कारस्थान नव्हते. मला त्यातच खरी अस्वस्थता वाटते. १९१७ च्या ऑगस्टमध्ये आग लागली, मध्यवस्ती जळाली, सत्तर हजारांवर लोक बेघर झाले. त्यांत ज्यू सर्वाधिक. आग हा अपघात होता. पण नंतरची योजना अपघात नव्हती. फ्रेंच वास्तुविशारद एर्नेस्ट एब्रार याने नवा नकाशा आखला, मूळ मालकांना आपल्याच जागेवर पुन्हा बांधू दिले गेले नाही आणि नव्याने पाडलेले भूखंड लिलावात निघाले. आज जिथे बसून आपण समुद्र बघत कॉफी पितो, तो कमानींचा देखणा अरिस्तोतेलुस चौक त्या नकाशातून आला आहे. चौक सुंदर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग १९२३. लोझान येथे झालेल्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल केली. निकष भाषा नव्हता, इच्छा नव्हती, फक्त धर्म. थेसालोनिकीचे मुसलमान गेले, अनातोलियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आले. आलेल्यांपैकी कित्येकांना ग्रीक येत नव्हते. फाळणीच्या कहाण्या ऐकून वाढलेल्या भारतीय वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एक मात्र नोंदवायला हवे: आलेले लोक विजेते नव्हते. घरदार सोडून आलेली ती माणसे मिळेल त्या छपराखाली राहिली, मशिदींतसुद्धा. पंधराव्या शतकातल्या हमजा बे मशिदीत पुढे सिनेमागृह चालले. त्यात कोणा एकाचा दुष्टावा शोधणे सोपे आहे. पण दिसते ती गरज आणि सवय.

१९४२ च्या डिसेंबरमधली गोष्ट मात्र गरजेत बसवता येत नाही. शहर जर्मनांच्या ताब्यात होते. पूर्वेला ज्यूंची दफनभूमी होती, तीन लाखांहून अधिक थडग्यांची. ती जागा शहराला कित्येक वर्षांपासून हवी होती. जर्मन अंमलाखाली ती संधी स्थानिक प्रशासनाने साधली आणि दफनभूमी उखडली गेली. कबरींचे दगड पदपथांत, भिंतींत, चर्चच्या डागडुजीत गेले. तीन महिन्यांनी, १५ मार्च १९४३ रोजी, ऑशवित्झकडे पहिली रेल्वेगाडी सुटली. ऑगस्टपर्यंत ४५ हजारांहून अधिक ज्यू पाठवले गेले आणि त्यांतले फार थोडे परतले. युद्धानंतर त्या दफनभूमीवर ॲरिस्टॉटल विद्यापीठ पसरले. तिथे स्मारक उभे राहायला २०१४ साल उजाडले. त्या वेळचे महापौर यानिस बुतारिस यांनी या दीर्घ मौनाची शहराला लाज वाटते, असे जाहीरपणे सांगितले. याच बुतारिस यांनी तुर्की आणि इस्रायली पर्यटकांना शहरात यायचे अगत्याने निमंत्रण दिले होते. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांचा जन्म इथलाच, त्यामुळे तुर्की पर्यटकांना यायला कारण होतेच. स्मृती परत येताना हॉटेलचे आरक्षणही सोबत आले, म्हणून तिला खोटे म्हणावे का? मी म्हणणार नाही. पैशामुळे का होईना, तोंड उघडले. पण पर्यटनाला जे विकता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतो.

उत्तराची दिशा अधिकृत यादीत दिसते. युनेस्कोने १९८८ मध्ये इथल्या पंधरा वास्तू जागतिक वारशात घेतल्या. नोंदीचे नाव आहे ‘थेसालोनिकीची प्रारंभिक ख्रिस्ती आणि बायझंटाइन स्मारके’. त्यांतले संत दिमित्रियसचे आणि हागिया सोफियाचे चर्च चारशेच्या आसपास वर्षे मशिदी होती, पण नाव त्या काळाला ओळखत नाही. दुसरे उदाहरण भुयारी मेट्रोचे. वेनिझेलू स्थानकाच्या खोदकामात बायझंटाइन काळातला संगमरवरी हमरस्ता आणि लगतची दुकाने सापडली. ती जागच्या जागी ठेवायची की उचलून पुन्हा बसवायची, यावर पुरातत्त्वज्ञ, नागरिक आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे झुंज झाली, प्रकरण न्यायालयात गेले. शेवटी अवशेष उचलून पुन्हा बसवले आणि मेट्रो २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. रस्त्यासाठी भांडणारे चुकीचे होते असे मुळीच नाही. जागच्या जागीच तो राहायला हवा होता, हे माझेही मत. पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या दुकानदारांचा कोणी वारस जागेवर हक्क सांगायला येत नाही. ज्या वारशाच्या मागे हिशेब मागणारा माणूस उभा आहे, त्याच्यासाठी रस्त्यावर उतरणे याहून कितीतरी अवघड असते.

मी या शहरात येणाऱ्या ओळखीच्यांना समुद्रकाठचा पांढरा मनोरा आधी दाखवत नाही. तो त्यांना तसाही दिसतो. मी येनी जामीला जायला सांगतो. इटालियन वास्तुविशारद विटालियानो पोसेली याने १९०२ मध्ये ही मशीद दोनमे समाजासाठी बांधली. सतराव्या शतकात सब्बाताई झ्वी याने स्वतःला मसीहा म्हणवले आणि नंतर इस्लाम स्वीकारला. त्याच्यामागे धर्मांतर केलेल्या ज्यूंचे हे वंशज. वरून मुसलमान, आतून आपले वेगळे विधी जपणारे, म्हणून दोन्हीकडच्यांना परके. मशिदीच्या सजावटीत षट्कोनी तारे आहेत. लोझानच्या कागदावर धर्माचा एकच रकाना होता. त्यात ते मुसलमान ठरले आणि १९२३ च्या अदलाबदलीत तुर्कस्तानात गेले. शहर सुटले, आणि शहर सुटल्यामुळेच वीस वर्षांनी सुटलेल्या गाड्यांत ते नव्हते. इमारतीत पुढे पुरातत्त्व संग्रहालय आले, आता प्रदर्शने भरतात. ती बांधणाऱ्यांना ज्यूंच्या स्मारकात जागा नाही, कारण ते मारले गेले नाहीत. तुर्कस्तानातल्या निर्वासितांच्या कहाण्यांतही त्यांना सहजी जागा मिळाली नाही, कारण तिथे पोचल्यावरही त्यांच्या मुसलमान असण्यावर संशय घेतला गेला.