मोगऱ्याच्या वाडीत भेटलेले तीन गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. राजा विचारतो, महाराज, आपल्याजवळ काहीच नाही, तरी आपण इतके आनंदात कसे? त्यावर अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. याच स्कंधावर नाथमहाराजांनी मराठीत टीका केली आणि ती १५७३ साली काशीत पूर्ण झाली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे थोर दत्तोपासक. त्यामुळे चोवीस गुरूंचे हे आख्यान आपल्या घरचेच वाटते.

पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी ही नावे पुष्कळांना पाठ असतात. पण अवधूतांना हे गुरू चालता चालता, डोळे उघडे ठेवल्यामुळे भेटले, हे आपण विसरतो. त्यांतले तीन गुरू एकाच वाडीत कसे दिसतात, तेवढेच आज सांगायचे आहे.

आपल्या काळाचौकीत देवाला वाहिली जाणारी फुले बहुतेक दादरच्या फूलबाजारातून येतात. उन्हाळ्यात तिथे जो मोगरा येतो, त्यातला बराचसा पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, विक्रमगड भागातला. तो पिकतो कसा हे पाहावे म्हणून गेल्या चैत्रात आम्ही चौघे डहाणू लोकलने पालघरला उतरलो आणि एसटीने मनोरवरून विक्रमगडला गेलो. एका ओळखीच्या शेतकरी कुटुंबात मुक्काम केला.

मोगऱ्याची तोडणी उजाडण्यापूर्वी सुरू होते. पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात घरातली सगळी माणसे वाकून कळ्या खुडत होती. कळी पांढरी हवी, टपोरी हवी, पण मिटलेली हवी. हिरवी तोडली तर उमलत नाही. आज राहून गेली तर रात्री झाडावरच उमलते आणि मग तिला बाजारात कोणी विचारत नाही. एक किलो भरायला हजारो कळ्या लागतात. सूर्य वर यायच्या आत माल बांधून वाटेला लागला.

मी घरच्या मावशींना म्हटले, "संध्याकाळी इथे काय सुंदर वास येत असेल हो!" त्या हसल्या. म्हणाल्या, "वास आला म्हणजे कळ्या तोडायच्या राहिल्या, बाबा. तेवढं आमचं नुकसान."

सज्जनहो, हे वाक्य मी प्रसादासारखे घेऊन आलो. जो पिकवतो त्याच्या अंगणात सुगंध नाही. कळी उमलते ती संध्याकाळी, दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात.

इथे पहिला गुरू दिसतो. अवधूतांनी पृथ्वीला गुरू केले, आणि पृथ्वीचीच रूपे म्हणून पर्वत व वृक्ष यांच्याकडून ते परोपकार शिकले. थंडीत मोगऱ्याची छाटणी करतात. काही दिवस पाणी तोडतात. मग खत-पाणी दिले की नवी फूट येते आणि कळी धरते ती त्या नव्या फुटीवर. कात्री लागली म्हणून झाड रुसत नाही. आपल्यावर मात्र जरा ताण पडला की देवाला जाब विचारतो.

दुसरा गुरू मधमाशी. बांधावर झेंडूच्या चार सऱ्या होत्या, तिथे माशा घोंघावत होत्या. प्रत्येक फुलातून किंचित घ्यायचे, फुलाला इजा करायची नाही. यावरूनच मधुकरी हा शब्द आला. पाच घरी थोडे थोडे मागावे, कुणा एकावर भार टाकू नये. संसारातही हे लागू आहे. म्हातारपणी एकाच सुनेवर किंवा एकाच मुलावर सगळा भार टाकला, की फूल कोमेजते.

पण हीच माशी साठा करते, आणि मग येतो तिसरा गुरू, मध काढून नेणारा. अवधूत म्हणतात, लोभी माणूस कष्टाने साठवतो, ना स्वतः उपभोगतो, ना कुणाला देतो. शेवटी ते तिसराच घेऊन जातो.

मी बँकेत कारकून होतो. हा तिसरा गुरू मी काउंटरवरून वर्षानुवर्षे पाहिला. गृहस्थ जातात, ठेवीची पावती कुठे आहे ते घरात कोणाला ठाऊक नसते, वारसाचे नाव लावलेले नसते. दहा वर्षे खात्यात काही हालचाल झाली नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. २०१४ पासून ही व्यवस्था आहे. पैसे बुडत नाहीत, वारसांना बँकेकडे मागता येतात. पण मागायचे आहेत हे माहीत तर हवे! चाळीतल्या खोलीचे तसेच. इमारत पुनर्विकासाला जाते आणि वडिलांनी काहीच लिहून ठेवले नाही म्हणून सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते. श्राद्धालाही वेगवेगळे बसतात. हे आपण आपल्या आजूबाजूला पाहतो की नाही?

म्हणून म्हणतो, जे द्यायचे ते कळी मिटलेली आहे तोवर द्यावे, म्हणजे आपले भान शाबूत आहे तोवर. नॉमिनी लावा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे ताब्यात घेऊन खऱ्या वारसांना पोचवणारा. म्हणून मृत्युपत्रही करा, आणि मुलांना एकत्र बसवून सांगा. लेकीला द्यायचा दागिना आपल्या हाताने द्या. एखाद्या भावाशी अबोला असेल तर गोड शब्दही आजच द्या. तोसुद्धा उद्या बाजारात चालत नाही.

कोणी विचारील, मग सगळेच देऊन टाकायचे का? नाही. अवधूत संन्यासी, आपण गृहस्थ. झुडूप कळ्या देते, मूळ देत नाही. मूळ दिले तर पुढच्या चैत्रात काय देणार? राहते घर, औषधपाण्यापुरते पैसे हे आपले मूळ. ते हयातीत आपल्याच हाती ठेवावे. त्यावर जे उगवते, ते देवाचे आणि दुसऱ्याचे.

आज दत्तजयंती. मार्गशीर्षात मोगरा नसतो, पाळणा शेवंती-झेंडूने सजेल. सायंकाळी जन्माच्या वेळी ओंजळीत फुले घ्याल, तेव्हा ती कोणीतरी पहाटे वाकून खुडलेली आहेत याची आठवण ठेवा, आणि महाराजांपुढे मनात एवढेच म्हणा : माझ्याकडे कोणती कळी अजून तोडायची राहिली आहे ते दाखवा, आणि ती वेळेवर देण्याची बुद्धी द्या.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥