धाब्याचा कठडा

मे महिन्याची 12 तारीख जवळ आली, की आमच्या मंडळ्यांतून परिचारिका दिन पाळला जातो. भक्तीच्या वेळी सिस्टरांना पुढे बोलावतात, प्रत्येकीच्या हाती गुलाब देतात आणि पाळकसाहेब त्यांच्या त्यागाबद्दल देवाचे आभार मानतात. ह्यात वावगे काही नाही. परंतु 'त्याग' हा शब्द आपण फार सैल हाताने वाटतो, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे.

कारण घडले ते असे. आमच्या शब्बाथ शाळेत शिकविणारी एक सिस्टर काही दिवस अगदी गप्प असे. पुढे कळले, की रात्रपाळीत वापरलेल्या सुईवर टोपण बसविताना ती सुई तिच्या बोटात शिरली होती. वॉर्डात 40 रोगी, सिस्टर ती एकटी आणि सुया टाकावयाचा डबा पार दुसऱ्या टोकाला. तिने हात धुतला व ती पुढल्या खाटेकडे गेली. मेट्रनबाईंना सांगितले नाही, कारण "तुझेच लक्ष नव्हते" हे उत्तर तिला ठाऊक होते.

सुई टोचणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. रोग्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी ह्या काविळीचे विषाणू असतील आणि सिस्टरने लस घेतलेली नसेल, तर ती कावीळ होण्याचा संभव शंभरात 6 ते 30 असतो. एचआयव्हीचा संभव हजारात सुमारे 3. त्यावर औषध आहे, पण ते 72 तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच सुरू करावे लागते आणि 28 दिवस घ्यावे लागते. म्हणजे जिला बोलण्याची भीती वाटते, तिचा बचाव त्या भीतीतच संपतो. (आमच्या सिस्टरचे तपासणीअंती निभावले, ही देवाची दया. पण त्या दयेच्या भरवशावर इस्पितळ चालवावे काय?)

अनुवादाच्या 22 व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास आज्ञा आहे, की धाब्याला कठडा कर. कोणी खाली पडला, तर रक्ताचा दोष घराच्या माथी. पडणाऱ्याने जपून चालावयास हवे होते, असे तेथे म्हटलेले नाही.

कोणी म्हणेल, शुश्रूषेत धोका हा असायचाच. खरे आहे. 2018 साली केरळात लिनी पुथुस्सेरी ह्या परिचारिका निपाहच्या रोग्याची सेवा करताना आजारी पडून वारल्या. तो रोग कोणता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याला त्याग म्हणावे. पण 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम इस्पितळात अरुणा शानबाग कपडे बदलावयास तळघरात गेल्या आणि तेथे एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. ह्यात त्यांनी कशाचा त्याग केला? 18 मे 2015 पर्यंत त्या त्याच इस्पितळात पडून होत्या. तेथील परिचारिकांनी त्यांना जपले, त्याचे कौतुक सर्वांनी केले. त्या हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

दोष इस्पितळांवरच ढकलून आम्ही मोकळे होत नाही. वडिलांच्या आजारपणात रात्री दोन वाजता आम्हीही अशाच एका सिस्टरवर ओरडलो होतो. चार नातलग खाटेभोवती उभे होते. तिला वाट मिळत नव्हती आणि तिच्या हातात सुई होती.

आमच्या मंडळीतील दोघे सभासद त्या इस्पितळाच्या कमिटीवर आहेत. त्यांनी तीन पत्रे लिहिल्यावर डबा आता इंजेक्शनच्या ट्रॉलीवर आला आहे, आणि लसही सर्व सिस्टरांना मिळाली. रात्रपाळीला मात्र सिस्टर अजून एकच असते.